टँकर कोणी आणला

राजपुरा, बऱ्हाणपूर
६ डिसेंबर १९९७

चुडामण,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. फाडायच्या आधी एवढं वाच, कारण काम कामाचंच आहे. पत्ता तुझ्या आईकडे मागायचं धाडस झालं नाही, सुरतेहून सुट्टीवर आलेल्या मोतीलालने दिला. तू उधन्याला एका कापड रंगवायच्या डाइंग हाऊसमध्ये पंप सांभाळतोस असं तो म्हणाला. त्या पंपाचं नशीब चांगलं आहे.

आपलं बोअरचं मशीन अजून चालतंय. ट्रक तोच, पंप तोच, फक्त नळ्या बदलल्या. बोअर आतून घट्ट बंद करणाऱ्या पॅकरचं रबर आता पूर्वीसारखं फाटत नाही, कारण तू सुरू केलंस तसं आम्ही ग्रीसऐवजी एरंडेलच लावतो. नव्या पोरांना मी सांगतो की ग्रीस विरघळून लोकांच्या पोटात जातं, एरंडेल गेलं तर फार तर पोट साफ होईल. ते हसतात. हा विनोद तुझा आहे हे त्यांना माहीत नाही.

तर काम असं. जानेवारीत भोपाळला पाण्याच्या कामावर एक सभा आहे. कोरडी पडलेली बोअर जोराच्या दाबाने पाणी सोडून पुन्हा जिवंत करायची, खडकातल्या भेगा मोकळ्या करायच्या, पण तसं करताना आजूबाजूचं पाणी बिघडू द्यायचं नाही, या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे. ॲसिड वापरायचं नाही. दाब एकदम चढवायचा नाही, काट्यावर हात ठेवून थोडा थोडा वाढवायचा. आधी पाण्यात मीठ घालून सोडायचं आणि शेजारच्या विहिरीचं पाणी चाखून बघायचं, म्हणजे भेग कोणाच्या विहिरीकडे जाते ते कळतं. बोअरमधून परत येणारं घाण पाणी शेतात न सोडता प्लॅस्टिक अंथरलेल्या खड्ड्यात घ्यायचं, वाळू आणि कोळशातून गाळायचं आणि पुढच्या बोअरला तेच वापरायचं. हे सगळं तुला सांगायची गरज नाही.

अडलंय ते कोळशाच्या थरापाशी. नऊ इंच की बारा? आम्ही अंदाजानेच घालतो. तू तुमच्या फोपनारला बांधावर बसून बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर चित्र काढलं होतंस, ते मी जपून ठेवलं होतं, आता सापडत नाही. एक कार्ड टाकलंस तरी पुरे.

फोपनारच्या त्या प्रकरणाला येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, चार वर्षं होतील. सगळं घाईत घडलं. कोणा एकट्याची चूक होती असं मी कधी म्हटलेलं नाही, एवढं तुझ्या कानावर असावं. बाकी सर्व ठीक. लीला तुझी आठवण काढते.

तुझा
वामन


राजपुरा
२० जानेवारी १९९८

चुडामण,

कार्ड आलं नाही. येणार नाही हे मला माहीत होतं आणि तरी रोज पोस्टमन गेल्यावर मी दाराशी जाऊन बघत होतो.

मागचं पत्र टाकण्याआधी लीलाने वाचलं होतं. ती शाळेत मराठी शिकवते, तिच्या हातात कागद पडला की ती लाल पेन शोधते. ती म्हणाली, "यात चुडामणला विचारलंय काय, तर कोळसा. ‘घडलं’ म्हणजे काय हो? पाऊस पडतो तसं घडलं का?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली, "मला मराठी कळतं." आणि पाकीट चिकटवून तिनेच पेटीत टाकलं.

भोपाळची सभा झाली. कोळसा मी बारा इंच सांगितला, अंदाजाने. लोकांना फार आवडलं. मिठाची गोष्ट सांगितली तेव्हा तर टाळ्या पडल्या. एक म्हातारे इंजिनिअर उठले आणि म्हणाले, महागडी यंत्रं आणण्यापेक्षा हे किती सोपं, हे सुचलं कोणाला? मी म्हणालो, "अनुभवातून येत गेलं."

आता ते एक पुस्तिका छापताहेत. तिच्यात त्याला ‘वामन पद्धत’ असं नाव दिलंय. मी नको म्हणालो, पण एकदाच म्हणालो आणि हळू आवाजात म्हणालो.

हे सगळं तुझं आहे. एरंडेल, मीठ, खड्डा, कोळसा, सगळं. मी डिप्लोमावाला आणि तू नववीतून सुटलेला, म्हणून तू सांगायचास आणि मी नाक मुरडायचो. "केळीच्या मुळाशी पाणी देतो तसं देना पडते खडकाले, एकदम नाही," असं तू म्हणायचास आणि मी तुला पुस्तकातले आकडे वाचून दाखवायचो. तू गेल्यावर पुढच्या वर्षी मी सगळं तुझ्या पद्धतीने करायला लागलो. पश्चात्ताप म्हणून केलं असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे भीती होती. आणखी एक फोपनार झालं असतं तर सांगायला माझ्यापाशी दुसरं नाव नव्हतं.

हे वाक्य मी खोडणार होतो. राहू दे.

अजून एक बातमी आहे. खकनारकडच्या वीस गावांत या पद्धतीने बंद बोअर सुरू करायच्या ठरल्या आहेत आणि यादीत पहिलं नाव फोपनार आहे. गावाची संमती मी आणायची आहे.

वामन


राजपुरा
३ मार्च १९९८

चुडामण,

काल फोपनारला गेलो होतो. आज शाळा सुटायच्या आत हे लिहून टाकतो, लीला आली की मी पुन्हा शब्द गुळगुळीत करीन.

आधी धुरपदाबाईकडे गेलो. तिची ती विहीर अजून बंदच आहे. तोंडावर मोठी फरशी ठेवली आहे आणि फरशीवर दगड. तिने मला खाट टाकून दिली, चहा केला. मी कागद काढला तर म्हणाली, "साहेब, तुमच्यावर माहा राग नाही. पन त्या चुडामणचं मशीन मी माह्या शिवारात येऊ देनार नाही." चार वर्षांत मशीन तुझं झालं आहे बघ. पद्धत माझी आणि मशीन तुझं. मग म्हणाली, "तुमी भले मानूस. तुमच्या मानसानं घात केला, त्याले तुमी काय करसान?"

मी चहा प्यायलो. चांगला झाला आहे असंही म्हणालो.

तिची सून मंगला दारात उभी होती. आता तिला दोन वर्षांची मुलगी आहे. तुझं नाव निघालं तसं तिने दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडली आणि आत गेली.

परत येताना गावाच्या टोकाला हँडपंपावर तुझी आई, मालूबाई, येताना दिसली. सात-आठ बाया होत्या. ती आली तशा त्या हसायच्या थांबल्या आणि बाजूला झाल्या. भांडण नाही, शिवी नाही, फक्त जागा मोकळी केली. तिने आपला हंडा भरला, आपणच डोक्यावर घेतला. हात लावायला कोणी पुढे आलं नाही. हे रोज दोनदा होत असेल. मला बघून ती थांबली आणि म्हणाली, "चुडामणचं काही समजते का, साहेब? कागद येते त्याचा, पन पत्ता लिहित नाही. गावात येत नाही म्हनते." मी म्हणालो, नाही, काही कळलं नाही. तुझा पत्ता माझ्या खिशात होता.

आता ते लिहितो जे पहिल्या पत्रात ‘घडलं’ होतं.

तुझ्या चुलतभावाची, देवरामची बोअर होती. त्याचे वडील त्याच हिवाळ्यात गेले होते. आखाजीला गेलेल्या बापाच्या नावाने पहिली घागर भरायची, ती बापाने खोदलेल्या बोअरच्या पाण्यानेच भरायची, असा त्याचा हट्ट होता. आखाजी उद्यावर आली होती. स्वच्छ पाण्याचा टँकर शहरातून यायचा होता, तो एक दिवस उशिरा येणार असा निरोप आला. देवराम माझ्यासमोर उभा राहून रडला. मी त्याला शब्द देऊन बसलो. त्या वेळी मला वाटलं मी पुण्य करतो आहे. बापाची घागर रिकामी राहू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि थोडं हेही की गाव मला नावाजेल.

देवरामचा केळीवर औषध फवारायचा टँकर खळ्यात उभा होता. मी तुला म्हणालो, तो घेऊन ये. तू म्हणालास, त्याच्यात औषध असते. मी म्हणालो, धुवून आण. तू नाल्यावर दोनदा धुवून आणलास आणि झाकण उघडून मला म्हणालास, "वामनभाऊ, वास घ्या." मी घेतला. वास होता. तू म्हणालास, निदान मीठ टाकून बघू, शेजारी धुरपदाकाकूची विहीर साठ पावलांवर आहे, पोटुशी सून आहे तिच्या घरी. मी म्हणालो, "वास म्हणजे विष नव्हे. डिप्लोमा कोणाचा आहे, तुझा की माझा?" हे मी चार माणसांत म्हणालो. मग तू पॅकर खाली सोडलास.

बोअरला पाणी लागलं. आधीचं पाणी तासभर उपसून टाकलं, त्यामुळे देवरामच्या घरात कोणाला काही झालं नाही, त्याची घागर भरली, हळदीकुंकू लागलं. जे आत ढकललं गेलं होतं ते भेगेतून विहिरीत उतरलं. तिसऱ्या दिवसापासून धुरपदाबाईच्या घरात आणि मजुरांच्या वस्तीत उलट्या सुरू झाल्या. अकरा माणसं. मंगलाचा पाचवा महिना होता. ते मूल राहिलं नाही. पाण्यामुळेच का, हे डॉक्टर नक्की सांगू शकले नाहीत, आणि या ‘नक्की’ला धरून मी चार वर्षं काढली.

मग पंचायतीच्या ओट्यावर गाव जमलं. सरपंचांनी विचारलं, "टँकर कोणी आणला?"

मी म्हणालो, "चुडामणने."

मी खोटं बोललो नाही. टँकर तूच आणला होतास. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. पुढचं वाक्य मी बोलेन म्हणून तू थांबला होतास. मी पाणी मागितलं. कोणीतरी तांब्या आणून दिला, मी प्यायलो, आणि तोपर्यंत लोक तुझ्यावर तुटून पडले होते. तू शेवटपर्यंत तोंड उघडलं नाहीस. का, हे मला कळत नाही. मी बोलेन असा भरवसा होता, की मी बोलणार नाही हे कळल्यावर बोलण्यात काही राम राहिला नव्हता? विचारायचा हक्क नाही, तरी विचारतो.

लीला आली. टाकतो.

वामन


राजपुरा
३० मार्च १९९८

चुडामण,

भोपाळला पत्र पाठवलं. पुस्तिकेतलं नाव काढा, पद्धत फोपनारच्या चुडामणची आहे, असं लिहिलं. उत्तर आलं की छपाई झाली आहे, पुढच्या आवृत्तीत बघू. मी त्यांना लिहिलंय की मग वीस गावांच्या कामावर माझं नावही पुढच्या आवृत्तीत बघा. लीलाने पहिल्यांदा माझ्या पत्रात लाल खूण केली नाही.

काल, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, फोपनारला गेलो. सरपंचांना गाव जमवायला सांगितलं होतं. लोकांना वाटलं संमतीचे अंगठे घ्यायचे आहेत. त्याच ओट्यावर उभा राहिलो. घरून चांगलं बांधून नेलेलं भाषण होतं, ते एका वाक्यात संपलं. म्हणालो, टँकर चुडामणने आणला, कारण मी आणायला लावला, त्याने धुरपदाबाईच्या सुनेचं सांगून नको म्हटलं होतं, मला वास आला होता आणि तरी मी पाणी सोडलं.

मला वाटलं होतं लोक मारतील. चार-सहा दिवस मी मनात त्याची तयारी करत होतो, आणि खरं सांगू का, त्यात मला जरा बरंही वाटत होतं. मार खाल्ला की फिटलं असं काहीतरी. पण कोणी हाललंसुद्धा नाही. देवराम तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "हे काय नवं सांगता, साहेब? आमाले तव्हाच माहीत व्हतं. टँकर माहाच व्हता ना."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

"तुमी बोलले नाही, त मी कायले बोलू? मशीन तुमच्या हाती. अजून दहा बोअर बाकी व्हत्या गावाच्या. चुडामण घरचाच. म्हटलं, चार दिस लोक बोलतीन, मंग भूलतीन."

दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. तेवढ्यावरून कळलं किती जणांना माहीत होतं. तुझ्या सख्ख्या गावाने हिशेब केला होता की पाणीवाला साहेब गेला तर परत मिळणार नाही, आपला पोरगा कुठं जातो. मी एकटा गुन्हेगार आहे अशी घमेंड घेऊन आलो होतो, तीही गेली. म्हणून माझा वाटा कमी होतो असं मात्र नाही. त्यांना गप्प बसायला जागा मीच करून दिली.

ज्यांना माहीत नव्हतं त्या दोघी सासू-सुनाच. धुरपदाबाई उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुमी माह्या घरचा चहा पेले." एवढंच म्हणाली. चुडामण, देवरामचे सगळे शब्द एकीकडे आणि हे एकीकडे. मग सरपंचांकडे वळून म्हणाली, "मशीन आनायचं त चुडामणले बोलवा. तो हात लावीन त माही विहीरबी खोला. दुसरा कोनी हात लावीन त मी मशीनच्या खड्ड्यात जाऊन बसीन." सरपंचांनी मान डोलावली. देवराम उठून गेला.

तर संमती मिळाली आहे, पण ती तुझ्या नावाने. ट्रक आणि नळ्या मी साफ करून ठेवल्या आहेत. नवा टँकर घेतला आहे, त्यात पिण्याच्या पाण्याशिवाय काही गेलेलं नाही. तू ये किंवा येऊ नकोस. आलास तर मी गावाच्या शिवेवरही थांबणार नाही, आणि थांब म्हणालास तर मीठ ढवळायचं काम करीन. कोळसा नऊ की बारा, ते तूच ठरव.

रात्री सरपंचांकडेच राहिलो. आज सकाळी मालूबाईकडे गेलो. तिला सगळं सांगितलं, पत्ता खिशात होता तेही. मग तिने विचारलं, "तो तिथं पोटभर जेवते का?"

निघालो तेव्हा मंगला ट्रकच्या रस्त्यावर येऊन थांबली होती, कडेवर मुलगी. म्हणाली, "साहेब, भाऊजीले कागद लिहिता ना तुमी? मंग माहंबी लिहा. मले लिहिता येत नाही."

मी तिथेच मैलाच्या दगडावर बसलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. मधेच माझा हात थांबला. मी म्हणालो, बाई, हे तुम्ही नका सांगू, माफी मागायची तर मी मागायची आहे. तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "तुमचं तुमी लिहा, साहेब. हे माहं हाय."

तेव्हा तिचं तिच्या शब्दांत खाली देतो. मी त्यात काना-मात्रा बदललेली नाही.

‘भाऊजी, मी मंगला. धुरपदाबाईची सून. चार वरीस झाले, रोज सकाळी विहिरीवरचा दगड पाहिला की मी तुमचं नाव घेऊन बोटं मोडत व्हती. तुमच्या जीवाले काही होवो असं म्हनत व्हती. तुमच्या मायशी पान्यावर मी बोलली नाही आन बायांलेबी बोलू देलं नाही. बाया मले भेत व्हत्या, माहं लेकरू गेलं म्हनून. काल समजलं, तुमी त मले वाचवाले पाहात व्हते. म्या शिव्या देल्या त्या आता कशा वापस घेऊ, मले समजत नाही. तुमी सांगा त तसं करीन. आज सकाळी मायचा हंडा मी उचलून देला. मले माफ करजा.’